सात मात्रा आणि दोन नावे

आमच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक मुलगा आहे. घरची बँड कंपनी. आजोबा सनई वाजवायचे, वडील क्लॅरिनेट वाजवतात आणि हा लग्नसराईत तासांना दांडी मारून सॅक्सोफोन वाजवतो. हजेरी फारच कमी भरली म्हणून मी त्याला स्टाफरूममध्ये बोलावून घेतले. त्याने मान खाली घालून सगळे ऐकून घेतले आणि मग खिशातून मोबाईल काढला. म्हणाला, "सर, पाहिजे तेवढं रागवा, पण आधी हे ऐका की."

क्लॅरिनेट होते. पण असे क्लॅरिनेट मी जन्मात ऐकले नव्हते. सूर इतक्या वेगाने सुटत होते की एकाच्या पाठीवर दुसरा आदळेल असे वाटावे, पण एकही घसरत नव्हता. मी टेबलावर बोटांनी ठेका धरू लागलो आणि दोन आवर्तनांतच चुकलो. पोरगा हसला. "सर, सात मात्रा आहेत. पण रूपक नव्हे. रूपकात तीन आधी येतात, इथं तीन शेवटी. दोन, दोन, तीन. आमचे धारवाडचे मामा म्हणतात, मिश्र चापू उलटा केला की हे होतं."

वाजवणारा कोण, असे विचारले तर म्हणाला, "इव्हो पापासोव्ह. बल्गेरियाचा. सर, हा पण लग्नातच वाजवायचा."

हजेरीचा विषय त्या दिवशी तिथेच राहिला. पुढचे काही महिने मात्र मी या माणसाच्या मागे लागलो. त्यातून जे हाती आले ते वाचकांना सांगावेसे वाटते, कारण ती गोष्ट नुसत्या संगीताची नाही.

इव्हो पापासोव्ह यांचा जन्म 1952 सालचा, दक्षिण बल्गेरियातल्या कर्दझाली गावचा. तिथून ग्रीस जवळ, तुर्कस्तानही फार लांब नाही. म्हणजे तोही सीमाभागच. त्या भागात तुर्की बोलणारे लोक मोठ्या संख्येने राहतात. पापासोव्ह यांचे घराणे तुर्की बोलणाऱ्या रोमा लोकांचे, म्हणजे ज्यांना बाहेरचे लोक जिप्सी म्हणतात त्यांचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या वादन. आधी झुर्ना, मग क्लॅरिनेट. झुर्ना म्हणजे आपल्या सनईची बहीणच. फारसीतल्या 'सुरना'पासून तिकडे झुर्ना झाली, इकडे शहनाई आणि सनई. तिकडेही झुर्न्याच्या जोडीला मोठा ढोल असतो, आणि लग्न असले की ही जोडी दारात हजर.

1974 साली पापासोव्ह यांनी 'त्राकिया' नावाचा आपला ताफा उभा केला. त्राकिया हे त्या प्रदेशाचेच नाव. ताफ्यात क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, अकॉर्डियन, इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रम. अकॉर्डियनवर नेश्को नेशेव्ह आणि गायला मारिया काराफिझिएवा, म्हणजे पापासोव्ह यांच्या पत्नी. पुढे सॅक्सोफोनवर युरी युनाकोव्ह आले. हे गृहस्थ आधी मुष्टियोद्धे होते. त्यांचे वादन ऐकले की ते खरे वाटते.

हे लोक वाजवायचे काय? मूळ चिजा लग्नातल्या नाचाच्याच. सात मात्रांची रचेनित्सा, पाचांचा पायदुश्को, नवांचा दायचोवो, अकरा मात्रांची कोपानित्सा. आपल्याला अकरा मात्रा म्हटले की मोठा गवई आणि मोठा तबलजी डोळ्यांपुढे येतो. तिथे अकरा मात्रांवर गावची आजीबाई हातात हात घालून नाचते, आणि ती कुठे मोजत बसत नाही. पापासोव्ह यांनी या चिजांत जॅझ मिसळला. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन आणि अकॉर्डियन तिघे मिळून भरधाव वेगात मुखडा वाजवणार. मग एकेकजण सुटणार, मनाला येईल तशी बढत करणार, सूर बदलून दुसऱ्याच पट्टीत शिरणार आणि परत येऊन मुखडा गाठणार. अध्येमध्ये ठेका पूर्ण थांबतो आणि क्लॅरिनेट एकटेच, बिनतालाचे, संथ बोलू लागते. आपण त्याला आलाप म्हणू. पाहुणे जेवायला बसले की तिथे हे संथ वाजवण्याची रीत आहे.

सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत या ताफ्याची कीर्ती अशी पसरली की लोक लग्नाची तारीख त्यांच्या सवडीने धरू लागले. आपण मुहूर्त बघतो, ते पापासोव्ह रिकामे कधी ते बघत. शनिवार-रविवार मिळेना तेव्हा आठवड्याच्या मधल्या वारी लग्ने लागली. निमंत्रण नसलेली माणसे हजारोंनी येऊन मांडवाबाहेर उभी राहत. त्यांचे ध्वनिमुद्रण विकत मिळत नसे, म्हणून लोक लग्नात टेपरेकॉर्डर घेऊन येत आणि त्या कॅसेटच्या नकला गावोगाव फिरत.

कम्युनिस्ट सरकारला हे रुचणे शक्य नव्हते. सरकारचे स्वतःचे लोकसंगीत होते. सरकारी वृंद, शिकवलेले कलावंत, नीट बसवलेल्या रचना. बल्गेरियन बायकांच्या ज्या समूहगायनाने पुढे जगाला वेड लावले ते याच व्यवस्थेतून आले आणि ते सुंदर आहे, यात वाद नाही. पण या व्यवस्थेचा एक आग्रह होता. संगीत शुद्ध हवे, म्हणजे फक्त बल्गेरियन हवे. त्यात तुर्की नको, रोमा नको, अमेरिकन जॅझ तर नकोच. जाणकारांनी या लग्नसंगीताला सवंग ठरवले. फार जोरात, फार वेगात, फार भेसळ.

आग्रह संगीतापुरता राहिला असता तर एक वेळ चालले असते. पण देशात तुर्क नाहीतच, जे आहेत ते धर्म बदललेले बल्गेरियनच, अशी सरकारची भूमिका झाली. पोमाक आणि रोमा मुसलमानांची नावे आधीच टप्प्याटप्प्याने बदलण्यात आली होती. 1984 च्या डिसेंबरात तुर्कांची पाळी आली. गावांना वेढा घालायचा, कागद पुढे करायचा, नवे बल्गेरियन नाव लिहायचे आणि सही घ्यायची. काही महिन्यांत सुमारे आठ लाख माणसांची नावे बदलली. चारचौघांत तुर्की बोलायला बंदी, झुर्ना वाजवायला बंदी, क्युचेक नावाच्या नाचाला बंदी.

पापासोव्ह यांचे मूळ नाव इब्रयाम हापाझोव्ह. 'इव्हो पापासोव्ह' हे या धोरणाने दिलेले नाव. युरी युनाकोव्ह मूळचे हुसेन. ज्या दोन नावांना पुढे जगभर टाळ्या मिळाल्या ती दोन्ही नावे त्यांच्या आईबापांनी ठेवलेली नव्हती!

आणि तरीही यजमान आग्रह धरायचे, "एक क्युचेक होऊ द्या." वाजवावे तर पोलीस, न वाजवावे तर लग्न कसले? ते वाजवत. त्यापायी पापासोव्ह आणि युनाकोव्ह दोघांनीही तुरुंग पाहिला.

गंमत अशी की याच सरकारने 1985 साली स्तांबोलोवो या गावी लग्नवाद्यवृंदांचा राष्ट्रीय महोत्सव सुरू केला. जे बंद पडत नाही ते निदान ताब्यात ठेवावे, हा हेतू. परीक्षक नेमले, चिजा तपासल्या, तुर्की आणि रोमा चिजा वगळल्या. लोक मात्र हजारोंनी आले आणि मंचावरून जे वगळले ते मंचाबाहेर ऐकून गेले.

पुढचे थोडक्यात सांगतो. जो बॉइड या नामवंत निर्मात्याने त्यांना बाहेर नेले. 'ऑर्फियस असेंडिंग' ही त्यांची ध्वनिमुद्रिका 1989 साली निघाली, 'बाल्कनॉलॉजी' 1991 साली. ग्रीक पुराणातला ऑर्फियस, ज्याच्या वादनाने दगडधोंडेही हलत, तो याच त्राकियाचा, म्हणून ते पहिले नाव. त्याच 1989 च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक तुर्क देश सोडून तुर्कस्तानात गेले, नोव्हेंबरात राज्यकर्ते झिवकोव्ह पायउतार झाले आणि 1990 साली कायदा होऊन लोकांना मूळ नावे परत घेता आली. पण स्वातंत्र्याबरोबर महागाई आणि बेकारीही आली. मोठी लग्ने परवडेनात, एका सिंथेसायझरवर भागू लागले. युनाकोव्ह 1994 च्या सुमारास अमेरिकेला गेले. तिथे 2011 साली पारंपरिक कलांसाठीचा राष्ट्रीय सन्मान त्यांना मिळाला. पापासोव्ह आपल्याच मुलखात राहिले. 2003 साली 'फेअरग्राउंड' म्हणजे 'जत्रा' ही ध्वनिमुद्रिका घेऊन ते पुन्हा पुढे आले आणि 2005 साली बीबीसी रेडिओ 3 चा श्रोत्यांनी निवडलेला पुरस्कार त्यांना मिळाला. त्याच वर्षी दोघा मित्रांची जोडध्वनिमुद्रिका आली. तिचे नाव 'पुन्हा एकत्र'.

जगाने ओळखलेले नाव त्यांनी टाकले नाही. पण बल्गेरियातले लोक त्यांना काय म्हणतात ठाऊक आहे? 'इब्रयामा'. कागदावर इव्हो, तोंडात इब्रयामा. आठ लाख सह्या घेणाऱ्या सरकारला एवढे एक टोपणनाव काही पुसता आले नाही.

हे सगळे वाचताना मला राहून राहून आमच्या घरातले एक लग्न आठवत होते. ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

2003 साली माझ्या थोरल्या भावाचे लग्न झाले. मी नुकताच एम.ए. झालो होतो. पुस्तके वाचलेली, मते पक्की. आमची आत्या लग्न होऊन बैलहोंगलला गेलेली. तिच्या सासरी सगळा कानडी कारभार. आमच्याकडे आली की ती मराठीत बोलायची, कानडीत हिशेब करायची आणि दोन्हींत रागवायची. हळदीच्या दिवशी बायका गोल करून बसल्या होत्या. व्हिडिओवाला आला. आत्याने सोबाने पद धरले. तिचा आवाज जाडसर, पण सुरात पक्का. मी पुढे झालो आणि म्हणालो, "आत्या, हे कानडी नको. व्हिडिओत राहणार आहे. आपलं मराठी म्हण."

ती थांबली. "बरं बाबा, तू शिकलेला," एवढेच म्हणाली. मग दुसऱ्या कुणीतरी मराठी गाणे सुरू केले आणि आत्या टाळ्या देत राहिली.

मला कुणी सांगितले नव्हते, कुणी भाग पाडले नव्हते. घरात मीच परीक्षक झालो होतो.

त्या मुलाने ते क्लॅरिनेट ऐकवल्यानंतर मी लग्नाची जुनी सीडी शोधून काढली. आत्या गाऊ लागते, साधारण अर्धी ओळ, आणि डावीकडून एक हात पुढे येतो. तो माझा हात. इतक्या वर्षांत ती सीडी घरात अनेकदा लागली असेल, पण तो हात माझ्या नजरेत कधी भरला नव्हता. आत्याला जाऊन आता नऊ वर्षे झाली. तिचा गाता आवाज आमच्याकडे तेवढाच आहे, अर्धी ओळ.

पापासोव्ह यांच्या गोष्टीशी माझ्या या चुकीची तुलना करणे म्हणजे अतिशयोक्ती होईल, हे मला कळते. तिथे तुरुंग होता, इथे नुसता एक भाचा. पण 'शुद्ध हवे' हे शब्द दोन्हीकडे तेच होते. आणि लग्नाचा मांडव ही शुद्धतेची जागाच नव्हे. तिथे दोन घरे एकत्र येतात, दोन स्वयंपाकघरे, दोन बोली, दोन्हीकडच्या आत्या. कद्री गोपालनाथांनी विदेशी सॅक्सोफोनला कर्नाटक संगीत शिकवले तेव्हा आपण त्यांना डोक्यावर घेतले, ते बरोबरच केले. मग घरातल्या आत्याच्या पदाला आपण बाहेरचे का समजावे?

येत्या मे महिन्यात त्याच भावाच्या मुलीचे लग्न आहे. मुलाकडचे कानडी, मुलगी आमची. बँड त्या माझ्या विद्यार्थ्याच्या घरचा ठरवला आहे. त्याने रचेनित्सा वाजवायची परवानगी मागितली, मी हजेरी भरण्याच्या अटीवर दिली आहे.

गेल्या रविवारी मी हुबळीला आत्याच्या मुलीला फोन केला. म्हटले, "अक्का, आत्या हळदीला म्हणायची ते पद तुला येतं काय गं?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "अर्धंच येतं बघ. पुढचं आईबरोबर गेलं."

म्हटले, "अर्धं तर अर्धं. व्हिडिओत राहू दे."