मॅग्नेशियमची चाकं

तंजावरहून कुंभकोणमला जाताना वाटेत पापनाशम लागतं. माझ्या जुन्या युनिटमधले एक सुभेदार साहेब निवृत्तीनंतर तिथेच भातशेती करतात. मागच्या सुट्टीत त्यांच्याकडे जेवायला थांबलो, तर ओसरीवर चार चकाकती जुनी चाकं. लेक-जावयाच्या गाडीसाठी घेतलेली.

"सर, विकणारा म्हणाला, असली मॅग्नेशियम. शेजारी म्हणतो, पेट घेतील. खरं काय?"

शेजाऱ्याची भीती अगदीच पोकळ नव्हती. १९५५ साली ल मान्सच्या शर्यतीत मर्सिडीजची मॅग्नेशियम मिश्रधातूची बॉडी पेटली आणि पाणी मारल्यावर आणखीच भडकली. जळतं मॅग्नेशियम पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हायड्रोजन मोकळा करतं. पण तो पातळ पत्रा होता. ओतीव चाक जाड असतं, उष्णता सगळीकडे पसरते, आणि ते साधारण ६५० अंशांना वितळायच्या बेतात आल्याशिवाय सहसा पेटत नाही. त्याच्या कितीतरी आधी टायर जळून जाईल. कानशीने निघालेला कीस मात्र ठिणगीनेही पेटतो.

मला आगीपेक्षा गंजाची काळजी. मॅग्नेशियम ॲल्युमिनियमपेक्षा सुमारे एक तृतीयांश हलकं, म्हणून शर्यतवाल्यांचं लाडकं. पण रंग खरवडला, खारी हवा लागली आणि शेजारी पोलादी बोल्ट असला, की ते आतून पोखरत जातं. जावई नागपट्टणमचा, म्हणजे समुद्र दारातच.

आधी धातू तर ओळखू. लोहचुंबक इथे कामाचा नाही, दोन्ही धातूंना तो चिकटत नाही. आतल्या बाजूचा रंग थोडा खरवडून व्हिनेगरचा थेंब टाकला. मॅग्नेशियम असतं तर लगेच फसफसलं असतं. काहीच झालं नाही. ॲल्युमिनियम! बाजारात "मॅग व्हील" म्हणून विकतात ती बहुतेक हीच.

साहेब हसले, पैसे गेले म्हणून थोडे खट्टूही झाले. मी चाकं उलटी करून पुसत होतो. तिसऱ्याच्या आतल्या कडेला बोटभर लांब वेल्डिंग, वरून चंदेरी रंग. तडा गेलेलं चाक असं जोडलं की वेल्डिंगजवळचा धातू नरम पडतो, आणि भरल्या गाडीखाली खड्ड्यात तिथेच पुन्हा फुटतं. साहेबांनी हात लावून पाहिलं. मग आत वळून लेकीला हाक मारली आणि तमिळमध्ये काहीतरी सांगितलं. मला त्यातलं "वेंडाम" तेवढं कळलं. नको.

गाडी जुन्या पोलादी चाकांवरच परत गेली.