थांबल्यावरच

माझ्या दोन कादंबऱ्या छापून झाल्या आहेत, ही गोष्ट आमच्या लालबागच्या चाळीत फारशी कोणाला ठाऊक नाही. ‘मास्तरांना जर्मन येते’ हे मात्र सर्वांना ठाऊक आहे. आणि खरे सांगायचे तर या दोहोंपैकी घराला टेकू दिला आहे तो जर्मननेच. शाळेचा पगार, कादंबरीचे मानधन आणि प्रयोगशाळेतल्या यंत्रांच्या सूचनापत्रकांचे इंग्रजी भाषांतर, अशा तीन पायांवर आमचा संसार उभा आहे. त्यांतला मधला पाय नुसता शोभेचा, असे आमची मंडळी पाहुण्यांदेखत सांगते.

शिक्षणाने मी मॅट्रिक. जर्मन शिकलो ते पुढे, शाळा सुटल्यावर, काळ्या घोड्याजवळच्या मॅक्स म्युल्लर भवनात जाऊन. ज्या पंडिताचे नाव त्या वास्तूला दिले आहे, त्याने सबंध ऋग्वेद सायणभाष्यासह छापला. पण हिंदुस्थानात पाऊल म्हणून ठेवले नाही. मीही जर्मनी पाहिलेली नाही. तेव्हा आमची फिटंफाट झाली आहे, असे मी समजतो.

काम येते ते प्रिन्सेस स्ट्रीटवरून, म्हणजे आताच्या शामलदास गांधी मार्गावरून. तिथला एक व्यापारी जुनी जर्मन यंत्रे मागवतो, दुरुस्त करतो आणि लहानसहान प्रयोगशाळांना विकतो. नव्या यंत्राबरोबर इंग्रजी पुस्तिका येते. जुन्याबरोबर येते ते तेलाचे डाग पडलेले जर्मन पत्रक. ते मी इंग्रजीत करून द्यायचे आणि पानामागे पैसे घ्यायचे, असा आमचा व्यवहार.

हे काम रूक्ष असेल असे मला वाटले होते. तसे ते नाही. पहिल्याच तराजूच्या पत्रकात ‘लिबेल’ नावाचा शब्द भेटला. कोशात पाहिले, तर अर्थ ‘चतुर’: पावसाळ्याच्या अखेरीस आपल्याकडे उडतो तो किडा! रसायने तोलण्याच्या काट्यात चतुर कशाला बसेल, या विचारात माझी अर्धी रात्र गेली. काटा सपाट बसला आहे की नाही हे दाखवणारा, काचेच्या नळीतला जो बुडबुडा असतो, त्यालाही जर्मन कारागीर लिबेलच म्हणतात. तसेच ‘मुटर’ म्हणजे आई आणि नटबोल्टातला नटही. शिवाय या भाषेतल्या काही क्रियापदांचे शेपूट तुटून वाक्याच्या अगदी शेवटी जाऊन बसते. ‘आइन’ आले तर यंत्र चालू करायचे, ‘आउस’ आले तर बंद. शेवटच्या शब्दापर्यंत बोट बटणावर तसेच अधांतरी! मराठी माणसाला याचे नवल वाटू नये. आपलेही क्रियापद शेवटीच येते. त्यामुळे जर्मनमधून इंग्रजीत जाताना मी मध्ये मराठीत उतरून घेतो. दादरला गाडी बदलावी, तसे.

एकदा ती गाडी बदलायला मी विसरलो. रक्ताच्या नळ्या मिनिटाला तीन-चार हजार फेऱ्यांनी गरगरा फिरवून त्यातले घटक वेगळे करणाऱ्या एका सेंट्रिफ्यूजचे पत्रक होते. रात्रीचा एक वाजून गेला होता. झाकणाविषयीच्या ओळीत ‘एर्स्ट’ हा शब्द होता. एर्स्ट म्हणजे प्रथम, हे पहिल्या महिन्यात शिकलो होतो. ‘बंद करा, प्रथम झाकण उघडा, रोटर थांबत असताना’ अशा अर्थाचे इंग्रजी लिहून मी मोकळा झालो. सकाळी कागद पोचता केला आणि पैसे घेतले.

तीन दिवसांनी पाचवीच्या वर्गात एका पोराने बाकाखाली डबा उघडलेला पाहिला. मी ओरडलो, “अरे, घंटा झाल्यावरच डबा उघडायचा!”

माझेच शब्द माझ्या कानांवर आदळले आणि हातातला खडू तसाच राहिला. झाल्यावर नव्हे, झाल्यावरच! वेळेच्या शब्दाशी आला की एर्स्ट म्हणजे प्रथम नव्हे. तो आपला ‘च’. त्याआधी नाही, असे बजावणारा.

नव्या सेंट्रिफ्यूजचे झाकण रोटर थांबेपर्यंत उघडतच नाही. या जुन्या यंत्राला तसले कुलूप नव्हते. कुलूप होते ते त्या एका शब्दाचे, आणि ते मी काढून ठेवले होते.

शाळा सुटल्यावर थेट दुकान गाठले. यंत्र परळला गेले होते. तसाच परळला निघालो. वाटेत हाफकिन संस्था लागली आणि मुलकोवालची आठवण झाली. 1902 साली पंजाबातल्या त्या खेड्यात परळहून गेलेल्या प्लेगच्या लसीची एक बाटली दूषित निघाली आणि एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. बाटली उघडणाऱ्याच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक झाला नव्हता, असे पुढे दिसून आले. हाफकिनवरचा ठपका पुसायला 1907 साल उजाडले. कादंबरीत माझा एखादा शब्द चुकला, तर फार तर समीक्षक रागावतो. इथे शब्द चुकला तर कोणाची बोटे जातील?

प्रयोगशाळा म्हणजे स्टेशनजवळच्या जिन्याखालच्या दोन खोल्या. तिथल्या मुलीला मी धापा टाकीत सारे सांगितले. ती हसली.

“काका, पत्रक वाचतंय कोण? यंत्र बंद केलं की आम्ही झाकणावर हात ठेवतो. थरथर थांबली की उघडतो.”

माझा जीव भांड्यात पडला; आणि लेखक म्हणून थोडा हिरमुसलाही. तेवढ्यात ती म्हणाली, “हां, कालपासून एक नवीन मुलगा लागलाय. तो मात्र सगळं वाचून करतो.”

तो मुलगा कोपऱ्यात नळ्या मांडीत होता. माझे पत्रक त्याच्या समोर भिंतीला टाचलेले होते.

मी ते काढून घेतले. ती ओळ खोडून नवी लिहिली, खाली सही केली आणि पुन्हा टाचले. तरी मन भरेना. मुलीकडून एक पांढरी पट्टी मागून घेतली आणि फळ्यावरच्या ठळक अक्षरांत मराठीत लिहिले: ‘रोटर थांबल्यावरच झाकण उघडावे.’ ‘च’ दोनदा गिरवला. त्या मुलाने ती पट्टी झाकणावर चिकटवली.

ती अजून तिथे आहे. जाता-येता मी डोकावून पाहतो. माझ्या साऱ्या लेखनात एवढ्या वेळा वाचले गेलेले दुसरे वाक्य नाही. त्यावर माझे नाव नाही. पण त्यातला एकही शब्द आज मला बदलावासा वाटत नाही. कादंबऱ्यांबद्दल असे म्हणायचे धाडस मला होणार नाही.