मालवणचा मूळपुरुष, मॉरिशसचा क्रमांक

१/ कोकणातील प्रत्येक घराण्याला मूळपुरुष असतो. मॉरिशसमधील मराठी घराण्यांचा मूळपुरुष मात्र बहुधा एका क्रमांकाआड दडलेला असतो. तो शोधावा कसा?

२/ १८३५ मध्ये त्या बेटावरील गुलामगिरी संपली. उसाच्या मळ्यांसाठी ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले. त्यांची संख्या साडेचार लाखांच्या घरात गेली. मराठी माणसे मुंबई बंदरातून निघत. त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील पुष्कळ होती.

३/ पोर्ट लुई येथे, आजच्या आप्रवासी घाटावर, नोंद होई : क्रमांक, नाव, वडिलांचे नाव, वय, जात, गाव, जहाज. १८६० च्या दशकापासून छायाचित्रही काढले जाऊ लागले. ही दप्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेली आहेत.

४/ कारकून कानावर पडेल तसे नाव रोमन लिपीत लिहीत. पुढे ते एकेरी नावच वंशजांचे आडनाव झाले. सखारामाचा पणतू ‘सखाराम’ आडनावाने ओळखला जाऊ लागला. मूळ आडनाव लोपले.

५/ म्हणून शोध आडनावावरून नव्हे, क्रमांकावरून घ्यावा लागतो. तो पूर्वजांच्या जन्म-विवाहाच्या जुन्या दाखल्यांवर आढळतो.

६/ दुसरी फसगत जिल्ह्याची. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. एकोणिसाव्या शतकात मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होते, तर सावंतवाडी हे स्वतंत्र संस्थान. जुन्या वहीत ‘सिंधुदुर्ग जिल्हा’ शोधणारा रिकाम्या हाताने परततो.

७/ मॉरिशसमधील मराठी घरांत आजही गणपती बसतो, जाखडी नाचली जाते. क्रमांक जुळला, की त्या घराला पणजोबांच्या वडिलांचे नाव कळते, आणि कोकणातले एक गावही.