बामची कृती आणि राहून गेलेली एक ओळ

थंडी पडली की आमच्या पेपरात 'घरगुती उपाय' नावाची एक चौकट येते. सात-आठ वर्षं झाली, ती मीच भरतो. पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा वाटलं होतं, घोटाळे बाहेर काढू. दोन-चार काढलेही. पण गुलमंडीवर लोक थांबवून विचारतात ते बामबद्दल. "भाऊ, मेण किती टाकायचं म्हणलात?"

यंदा त्या चौकटीत एक ओळ राहून गेली. आज ती इथं लिहितोय. उशीर झालाय, पण थंडी अजून सरलेली नाही.

कृती माझ्या आईची. दिवाळीचा फराळ संपला की ती बाम करायला बसायची. मापं मी नंतर वजनकाट्यावर बसवली. 100 ग्रॅम खोबरेल तेल, 20 ग्रॅम मधमाशीचं मेण, 4 ग्रॅम भीमसेनी कापूर, 3 ग्रॅम पुदिन्याचं फूल आणि निलगिरी तेलाचे वीसेक थेंब. पातेल्यात पाणी उकळत ठेवायचं, त्यात वाटी ठेवून मेण आणि तेल वितळवायचं. मग गॅस बंद करून वाटी बाजूला घ्यायची. कापूर पटकन पेट घेतो, म्हणून तो चुलीजवळ कधीच टाकायचा नाही. कापूर आणि पुदिन्याचं फूल आधी खलात एकत्र घोटायचं. दोन्ही कोरडे असतात, पण एकमेकांना लागले की पाणी सुटल्यासारखे पातळ होतात. लहानपणी मला ही जादू वाटायची. तेल कोमट झालं की हे मिश्रण आणि निलगिरी त्यात घालायची, ढवळायचं आणि डबीत ओतायचं. पूजेच्या कापराच्या वड्या घ्यायच्या नाहीत, त्या जाळण्यासाठी असतात.

हे सगळं छापलं होतं. काय छापलं नव्हतं, ते पुढे.

ऑक्टोबर 2025 आठवा. मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडची लेकरं खोकल्याचं सिरप घेऊन दगावली. वीसहून जास्त. त्यातली काही उपचारासाठी आपल्या नागपूरला आणली होती. 'कोल्ड्रिफ' नावाच्या त्या सिरपात डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. ते किडन्या निकामी करतं. जुन्या वाचकांना आठवत असेल, 1986 साली मुंबईच्या जेजे रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमधून हेच विष पोटात जाऊन 14 रुग्ण गेले होते आणि न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला होता. जवळजवळ चाळीस वर्षं झाली, विष तेच!

त्या बातमीनंतर घराघरात सिरपच्या बाटल्या फेकल्या गेल्या. ते बरोबरच होतं. केंद्राच्या आरोग्य खात्यानंही सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नका, आणि पाच वर्षांखाली सहसा नकोच. पण मग लोकांनी द्यायचं काय? ती जागा आमच्यासारख्यांनी भरली. मी त्या आठवड्यात चौकट मोठी केली आणि मथळा दिला, 'सिरप नको, घरचा बाम बरा'. मोबाइलवर फिरलीही खूप. मी खूश.

अकरा दिवसांनी आमच्या गल्लीतली एक लेकीसारखी पोरगी दारात उभी. कडेवर नऊ महिन्यांचं बाळ. "काका, दोन दिवस झाले तुमचा बाम लावतेय. छातीला, पाठीला, नाकाखाली पण. तरी कमी नाही." बाळ रडत नव्हतं, हेच मला खटकलं. अंगरखा वर केला तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

रिक्षा केली आणि सरकारी दवाखाना गाठला. तिथल्या सिस्टरनं आधी काहीच विचारलं नाही. घड्याळ धरलं आणि एक मिनिट बाळाच्या पोटाकडे बघत राहिली. "अठ्ठावन्न," म्हणाली. मग ऑक्सिजन लावला. न्यूमोनिया निघाला. पाच दिवसांनी बाळ घरी आलं. आता छान आहे, रांगतंय.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, न्यूमोनिया तुमच्या बामनं झाला नाही, पण त्या बामवर दोन दिवस गेले. आणि एवढ्या लहान बाळाच्या नाकाखाली कापूर आणि पुदिन्याचं फूल? कापूर कातडीतून आणि श्वासातून अंगात जातो, लहान लेकरांना झटके येऊ शकतात. पुदिन्याच्या फुलाच्या उग्र वासानं तान्ह्या बाळाचा श्वास अडकू शकतो. घरी केलं म्हणून ते सौम्य होत नाही.

त्या पोरीला मी विचारलं, आधी का नाही आलीस? ती म्हणाली, "औषधाची धास्ती बसली होती ना, काका. आणि तुम्ही छापलं होतं."

तिचं काही चुकलं नव्हतं. सिरपच्या बाटलीवर वयाची सूचना नसती तर मीच पहिल्या पानावर ओरडलो असतो. माझ्या चौकटीत कुठं होती?

तर ती ओळ ही: दोन वर्षांखालच्या मुलांना कापूर किंवा पुदिन्याचं फूल घातलेला बाम लावायचा नाही. मोठ्या मुलांनाही नाकात, नाकाखाली, तोंडाजवळ किंवा जखमेवर नाही. आणि डबी लेकरांच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही. कापूर पोटात जाणं फार धोक्याचं.

बामनं होतं काय, तेही सांगतो. पुदिन्याचं फूल नाक मोकळं करत नाही, थंडावा देऊन मोकळं झाल्यासारखं वाटवतं. मोठ्या माणसाला तेवढ्यानं झोप लागते, आणि रात्री दोनला तेही कमी नाही. पण छातीतला आजार त्यानं जात नाही.

बाळासाठी बामपेक्षा मिनिटकाटा कामाचा. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षं 40 किंवा जास्त भरले, तर तडक दवाखाना. छाती आत ओढली जात असेल, बाळ अंगावर पीत नसेल, सुस्त पडलं असेल, तर मोजतही बसू नका. तुमच्या भागातल्या आशाताईंना हे मोजता येतं, त्यांना विचारायला लाजू नका. न्यूमोनियाची लस सरकारी केंद्रात फुकट आहे. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने, कार्ड काढून बघा. आणि बाळाच्या खोलीत धुरी, शेकोटी, डासांची अगरबत्ती नको.

आमच्या पेपरात दुरुस्ती छापून आली, आतल्या पानावर, चार ओळींची. चुकीची चौकट सहा कॉलमांची होती. म्हणून ही पोस्ट.

बाम मी यंदाही केला. डबीवर आता चिठ्ठी चिकटवतो: तारीख, आत काय आहे, आणि 'लहान बाळाला नाही'. जुनी चौकट अजून कुणाच्या ग्रुपवर फिरताना दिसली, तर तिच्याखाली ही पोस्ट टाका. तेवढी मदत करा.