चिमूटभर नीळ

दिवाळीच्या आधीचे पंधरा-वीस दिवस आमच्या घरात चुन्याचा वास भरलेला असे. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, घरांना सफेदी करतात. जुन्या शहरातल्या गल्ल्यांतून काही घरांना अजून चुना लागतो. बाकीच्यांनी केव्हाच डब्यातल्या रंगांची वाट धरली. शाळेला सुट्टी लागली की मीही दादांबरोबर कामावर जाई. कळीचा चुना पिंपात टाकला की पाणी खदखदू लागे. दुसऱ्या दिवशी तो निवला की फडक्यातून गाळायचा, त्यात डिंकाचे पाणी घालायचे आणि सर्वांत शेवटी नीळ. ही नीळ मात्र दादा कुणाला घालू देत नसत. निळीच्या पुडीची पुरचुंडी ते पिंपात दोनदा फिरवीत, भिंतीवर कुंचल्याचा एक पट्टा मारीत आणि तो वाळेपर्यंत समोर उकिडवे बसून राहत. ओला चुना फसवतो, त्याचा खरा पांढरेपणा वाळल्यावरच कळतो. मग एकच शब्द येई : "बास", नाहीतर "जरासी अजून."

"दादा, पांढरं करायला निळं कशाला?" असे मी एकदा विचारले.

"नुसता चुना पिवळा मारतो, पोरी. निळीनं पिवळं मरतं."

पुढे चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेसाठी आम्ही रंगचक्र काढले. लाल, पिवळा, निळा हे मूळ रंग. त्यांच्या मिश्रणाने नारिंगी, हिरवा, जांभळा हे दुय्यम रंग. आणि चक्रात समोरासमोर येणारे ते परस्परविरोधी रंग. (आपल्या या अंकाचे मुखपृष्ठ छापताना मूळ रंग निराळे धरतात : आकाशी, किरमिजी आणि पिवळा, जोडीला काळा. पण परीक्षेला ते कुणी विचारत नाही!) विरोधी रंग शेजारी ठेवले तर दोघेही उठून दिसतात, एकमेकांत मिसळले तर दोघेही मरतात आणि करडा उरतो. हे 'मरणे' मी आधीच ऐकलेले होते.

वर्गातल्या मैत्रिणीने शंका काढली, पिवळ्यात निळे घातले तर हिरवे व्हायला हवे ना? शंका रास्त होती. पण धुण्याची नीळ ही जांभळ्याकडे झुकणारी निळी, आणि चक्रात जांभळा पिवळ्याच्या बरोबर समोर बसतो. चुन्याचा पिवळेपणाही अगदी पुसट असतो. दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. खरे म्हणजे नीळ घातल्यावर भिंतीवरून परतणारा प्रकाश थोडा कमीच होतो, पण आपल्या डोळ्यांना पिवळसर उजेडापेक्षा रंगाची छटा नसलेला किंचित मंद उजेड अधिक पांढरा वाटतो. पांढरा शर्ट निळीत बुडवतात त्याचेही कारण हेच.

मी बारावीत असताना एका घरमालकांनी दादांचे निम्मे पैसे अडवून धरले. त्यांचे म्हणणे, भिंती निळ्या झाल्या आहेत. दादा म्हणाले, भिंती पांढऱ्या आहेत, खालच्या पिवडीच्या पट्ट्यामुळे तशा दिसतात. दोघेही हट्टाला पेटले. दादांचा आवाज चढलेला मी त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता.

मला दादांचेच खरे वाटले, आणि पुढे ग्रंथालयात त्याला आधारही सापडला. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात शेव्हरल नावाचे रसायनतज्ज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख होते. तिथे काळ्या धाग्याचा रंग फिका पडतो अशी तक्रार होती. शेव्हरलांनी शोधून काढले की दोष धाग्यात नसून शेजारच्या रंगात आहे. प्रत्येक रंग शेजाऱ्यावर आपल्या विरोधी रंगाची छाया टाकतो. या सिद्धांतावरचे त्यांचे पुस्तक १८३९ साली निघाले. म्हणजे पिवडीच्या पट्ट्याशेजारचा पांढरा निळसर-जांभळा भासणारच! मला केवढा आनंद झाला. दादांची बाजू एका फ्रेंच शास्त्रज्ञाने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच मांडून ठेवली होती.

ती बाजू घेऊन मी एका दुपारी त्या घरी गेले. मालकीणबाई बिचाऱ्या सालस, त्यांनी आत घेतले. मी वर्तमानपत्राने पट्टा झाकला आणि भिंतीकडे पाहिले. भिंत निळी होती. माडीवरच्या खोलीला पट्टाच नव्हता, तिथेही भिंत निळी होती. मी वर्तमानपत्राची घडी केली आणि घरी आले. दादांना काही सांगितले नाही.

मग आमच्याच घराच्या भिंती मी नीट पाहिल्या. तीन वर्षांपूर्वीचा थर उखडलेल्या जागी दिसत होता, त्यावर दुसरा, त्यावर यंदाचा. दर वर्षी निळी थोडी वाढत गेली होती, आणि रोज पाहणाऱ्या आम्हा कुणाच्याच ते ध्यानात आले नव्हते. त्या रात्री दिव्याच्या उजेडात दादांच्या डोळ्यांकडे पाहिले तर बाहुलीत पिवळट, गढूळ असे काहीतरी होते. मोतीबिंदू पिकू लागला की डोळ्यातले भिंग पिवळे-तपकिरी होत जाते, ते निळा प्रकाश अडवते. फ्रेंच चित्रकार मोने यांचेही असेच झाले होते. त्यांची चित्रे लाल-तपकिरी होत गेली, अखेर १९२३ साली शस्त्रक्रिया करावी लागली. दादा भिंतीतला पिवळेपणा मारायला नीळ घालत होते, आणि पिवळेपणा भिंतीत नव्हताच.

डोळे दाखवायला दादा लवकर तयार झाले नाहीत. "मला दिसतंय की समदं," एवढेच म्हणत. दिसत होते हे खरेच, म्हणून तर पटवणे अवघड. शेवटी माय रागावली, तेव्हा गेले. शस्त्रक्रिया झाली, पट्टी निघाली, आणि घरात पाऊल टाकताच दादा उंबऱ्यावरच थांबले.

"ही भिंत निळी कुणी केली?"

कुणी बोलले नाही. दादांनी भिंतीवरून हात फिरवला. मग पलीकडच्या भिंतीपाशी गेले. संध्याकाळी न जेवताच झोपले. पुढच्या आठवड्यात ते आपण होऊन त्या मालकांकडे गेले आणि फुकटात दोन हात मारून देऊन आले. अडकलेल्या पैशांचा विषय त्यांनी काढला नाही, मालकांनी मात्र देऊन टाकले.

या हिवाळ्यात मी दादांना अजिंठ्याला नेले. जन्म इथे गेला, लेणी शंभर किलोमीटरवर, पण त्यांनी कधी पाहिली नव्हती. पहिल्या लेण्यात शिरल्यावर डोळे सरावायला वेळ लागला. पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली ही चित्रे. पण दादा चित्रांपेक्षा पोपडे निघालेल्या जागा अधिक पाहत होते. मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस, वर पांढरा थर. "आपल्यासारखंच केलंय," ते म्हणाले. मी वाचलेले सांगत गेले. लाल म्हणजे गेरू, पिवळा म्हणजे पिवळी माती, काळा दिव्याच्या काजळीचा, हिरवी माती तर आपल्या दख्खनच्या काळ्या खडकातही सापडते. एकटा निळा तेवढा परमुलखातला. लाजवर्द नावाचा दगड, अफगाणिस्तानात बदख्शानच्या डोंगरात सापडणारा, तिथून इथवर आणलेला. १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये गिमे आणि जर्मनीत ग्मेलिन यांनी तोच रंग कृत्रिम रीतीने बनवला, तेव्हा कुठे तो स्वस्त झाला. धुण्याची नीळ पुडी ती हीच. झाडापासून काढतात ती नीळ वेगळी, नाव तेवढे एक.

"म्हंजे ही आपलीच नीळ?"

"तीच, दादा."

दुसऱ्या लेण्यात दादा मान वर करून छताकडे बराच वेळ पाहत राहिले. मागून माणसे येत होती, रखवालदार पुढे सरकायला सांगत होता. नक्षीत मधेमधे निळा होता, थोडा थोडा, तांबड्या-पिवळ्याच्या शेजारी, आणि त्या अंधुक उजेडात सर्वांत आधी तोच दिसत होता.

"हात राखून घातली," दादा म्हणाले. "महाग असंल."