ओढ्याचा दोष, उंचीचा दोष

मनाली–लेह रस्त्यावर 2020 पासून अटल बोगद्याने रोहतांगची चढण वाचवली, पण दारचा हे गाव सोडून बारालाचा खिंडीकडे वळलो की वितळत्या बर्फाचे ओढे रस्त्यावरून वाहायचे ते वाहतातच. सकाळी घोटाभर असलेले पाणी ऊन चढेल तसे गुडघ्याला भिडते. या वाटेवर मला एक सवय खटकते: ओढा ओलांडल्यावर इंजिन कुरकुरले की सगळे खापर पाण्यावर फोडायचे. खिंड सुमारे 16,000 फुटांवर आहे. तिथल्या विरळ हवेत टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन कोरड्या रस्त्यावरही मरगळते. मात्र उंचीमुळे ताकद चढाबरोबर हळूहळू जाते, इंजिनाचा ताल बिघडत नाही. पाण्याबाहेर येताच गाडी झटके देऊ लागली, तर कॉइलमध्ये किंवा वायरच्या जोडात ओल शिरली असे समजावे. बहुधा ती इंजिनाच्या उष्णतेने वाळते.

गाडी पाण्यातच बंद पडली तर? प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे झाकण पुसा आणि स्टार्टर मारा, असे जुने चालक सांगतात. त्यांच्या गाड्यांना ते लागू होते. आजच्या बहुतेक गाड्यांत डिस्ट्रिब्युटरच नाही, म्हणून पहिला संशय हवेच्या वाटेवर घ्यावा. डिझेलला ठिणगीचा प्लग नसतो, त्याला पाण्याचे काय भय, हा युक्तिवाद तर उलटाच. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही. 1500 सीसीच्या चार सिलिंडरी डिझेल इंजिनात दाबाचे प्रमाण 17 धरले, तर पिस्टन वर आल्यावर उरते जेमतेम 23 मिलिलिटर जागा. 10 प्रमाणाच्या तेवढ्याच पेट्रोल इंजिनात सुमारे 42. म्हणजे डिझेलचा कनेक्टिंग रॉड वाकायला कमीच पाणी पुरते. म्हणून आधी एअर फिल्टरचा डबा उघडावा. आत कोरडे असेल तर वायरिंग पाहावे. ओले असेल तर प्लग, डिझेलमध्ये इंजेक्टर, काढल्याशिवाय स्टार्टरला हात लावू नये. पाणी चढत असताना डबा कोण उघडणार, ही शंका रास्त आहे. पण त्यावरही उत्तर स्टार्टर नव्हे. गिअर न्यूट्रलला टाकून गाडी ढकला, नाहीतर मागच्या ट्रकवाल्याला दोर लावायला सांगा. काठावर डिपस्टिक काढून पाहा. तेल दुधाच्या चहासारखे दिसले, तर खिंडीचा नाद सोडा आणि गाडी ट्रकवर चढवून केलाँगला परत न्या.