प्लूटो आणि नेपच्यून धडकत का नाहीत?

माझी मुलगी सातवीत आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी ती पुठ्ठ्यावर सूर्यमाला काढत होती. प्लूटोची लंबुळकी कक्षा काढताना थांबली आणि म्हणाली, "अब्बू, ही रेघ नेपच्यूनच्या रेघेला छेदते. मग दोघे एक दिवस धडकणार नाहीत का?"

मला उत्तर माहीत नव्हते. शोधायला बसलो. पहिली गंमत अशी कळली की १९७९ ते १९९९ या काळात प्लूटो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता. म्हणजे आम्ही शाळेत 'सर्वांत दूरचा ग्रह प्लूटो' असे लिहून गुण मिळवले, तेव्हा ते उत्तर चुकीचे होते!

तरीही ते धडकत नाहीत. एक कारण म्हणजे प्लूटोची कक्षा १७ अंशांनी कललेली आहे. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. नेपच्यूनला सूर्याभोवती फिरायला सुमारे १६५ वर्षे लागतात, प्लूटोला २४८. त्याच्या ३ फेऱ्या होतात तेवढ्यात याच्या २ होतात. याला कक्षीय अनुनाद म्हणतात. त्यामुळे प्लूटो सूर्याजवळ, म्हणजे नेपच्यूनच्या वाटेपाशी येतो तेव्हा नेपच्यून तिथे नसतोच, तो बराच पुढे किंवा मागे असतो. पृथ्वी ते सूर्य या अंतराच्या १७ पटींपेक्षा जवळ हे दोघे कधी येत नाहीत. त्या मानाने प्लूटो युरेनसच्या अधिक जवळ जातो.

हा हिशेब जरा सरकला तर? नेपच्यूनचीच ओढ प्लूटोचा फेरा किंचित लांबवते किंवा आखूड करते, आणि घडी पुन्हा जागेवर येऊ लागते. असा एक झोका पुरा व्हायला सुमारे २० हजार वर्षे लागतात.

हे वाचताना मला २०२३चा सप्टेंबर आठवला. अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ तारखेला आले होते. विसर्जनाची मिरवणूक आणि जुलूस, रस्ता एकच. मुंबईत आणि राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिम समाजाने जुलूस पुढे ढकलला. आमच्याकडेही तसेच ठरले. त्या बैठकीत मी होतो. निर्णय सर्वांना पटला, गणेश मंडळाच्या पोरांनी नंतर जुलूसमध्ये पाणीवाटप केले. पण बैठकीतून उठताना एक तरुण हळूच म्हणाला, "चाचा, दरवेळी आपणच सरकायचं का?" मी त्याला सबुरीचे चार शब्द सांगितले. उत्तर दिले नाही.

मुलीला प्लूटोचे सगळे समजावले, तर तिनेही नेमके तेच विचारले. "म्हणजे प्लूटोच जुळवून घेतो? नेपच्यून कधी सरकत नाही?"

नेपच्यूनचे वस्तुमान प्लूटोच्या सुमारे ८ हजार पट आहे. प्लूटोची ओढ त्याला जवळजवळ जाणवतही नाही. पण गोष्ट इथे संपत नाही. आयआयटी दिल्लीत शिकलेल्या शास्त्रज्ञ रेणू मल्होत्रा यांनी १९९३ मध्ये मांडले की नेपच्यून पूर्वी सूर्याच्या अधिक जवळ होता. तो हळूहळू बाहेर सरकला आणि सरकता सरकता त्याने प्लूटोला या ३:२च्या तालात पकडले. पुढे याच तालात फिरणारे इतरही अनेक लहान गोळे सापडले. त्यांना प्लुटिनो म्हणतात.

आणि नेपच्यूनला बाहेर सरकवले कोणी? बर्फाच्या आणि दगडाच्या असंख्य लहान तुकड्यांनी. प्रत्येक तुकडा त्याच्या जवळून जाताना त्याला अगदी नगण्य ढकलत गेला. एकट्याचा काही हिशेब नाही, पण कोट्यवधी वर्षांत एवढा मोठा ग्रह जागचा हलला.

मुलीचे समाधान झाले. तिने प्लूटोला तपकिरी रंग दिला. मला आता त्या तरुणाला गाठायचे आहे. त्याला द्यायचे उत्तर माझ्याकडे दोन वर्षे नव्हते. पूर्ण उत्तर आजही नाही, पण बोलायला सुरुवात करता येईल.